टोपीवरचा कॅमेरा कुठे बघतो?

१८८२ साली इटलीत, नेपल्सजवळच्या पोसिलिपोच्या किनाऱ्यावर पन्नाशी ओलांडलेला एक फ्रेंच प्राध्यापक बंदूक घेऊन पक्ष्यांच्या मागे हिंडायचा. दस्ता खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. बार नाही, धूर नाही, आणि पक्षी आपला मजेत उडतोच आहे. गावकऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं, असं सांगतात. काढणारच. आमच्या कर्नाळ्याच्या जंगलात आज कुणी असं केलं तर आधी वनखातं येईल आणि मग रील व्हायरल होईल.

या प्राध्यापकाचं नाव एतिएन-ज्यूल मारे. शरीरशास्त्राचा माणूस. पक्षी पंख नेमके कसे हलवतो हे त्याला बघायचं होतं आणि डोळ्यांना तो वेग झेपत नव्हता. म्हणून त्याने बंदुकीच्या नळीत भिंग बसवलं, मागे गोल डबा लावला आणि त्यात फिरणारी काच ठेवली. चाप ओढला की त्या काचेवर सेकंदाला १२ चित्रं उमटायची. प्रत्येक चित्राला वेळ एका सेकंदाचा ७२० वा भाग. कल्पनेचं मूळ ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञाकडे जातं. १८७४ साली शुक्र सूर्यबिंबावरून सरकत असताना त्याने फिरत्या तबकडीचं 'फोटोचं रिव्हॉल्व्हर' वापरलं होतं. हा जान्सेन आपल्याला अगदीच परका नाही. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला तो आंध्रातल्या गुंटूरला येऊन गेला होता.

मारेची बंदूक मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. कॅमेरा आणि बंदूक एकाच दस्त्यावर आली खरी, पण कॅमेऱ्याचं तोंड पक्ष्याकडे होतं. बंदूक धरणारा माणूस चित्रात कुठेच नाही. नेमबाजीत कॅमेरा कुठे बांधायचा, हा आजचा अगदी किरकोळ वाटणारा प्रश्न तिथूनच सुरू होतो. कॅमेरा लक्ष्याकडे बघणार, नेमाकडे बघणार, की नेम धरणाऱ्याकडे?

मी शिरढोणचा. मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेलपासून दहाएक किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या सुळक्याच्या जवळ. लग्न, हळदी, वाढदिवस, क्रिकेटच्या टूर्नामेंट, यांचं व्हिडिओ शूटिंग हा माझा धंदा. माझी भाची पनवेलला एअर रायफल शिकते. त्यामुळे घरात 'आज शूटिंग आहे' असं कुणी म्हटलं, की माझी आई आधी 'कुणाचं?' असं विचारते.

मारे पोसिलिपोला बिनगोळीची बंदूक घेऊन फिरत होता, त्या १८८२ साली आमच्या गावचा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस एडनच्या तुरुंगात होता. वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, इथेच शिरढोणला. आजोबा कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. तालमीत अंग कमावलं, हत्यारं चालवायला शिकले आणि १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन इंग्रजांविरुद्ध उठले. त्या मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या टोळीने घाट उतरून कोकणात छापे घातले, त्यात पळस्पे होतं. आज तुम्ही जिथे गोव्याकडे वळताना ट्रॅफिकमध्ये अडकता, तेच पळस्पे. परत घाटावर जाताना दौलतराव इंग्रजी गोळीला बळी पडले. २० जुलैला फडके पकडले गेले. जन्मठेप झाली, एडनला रवानगी झाली. ते तिथूनही निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले.

या बंडाकडे आज आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतो? एक डोळा पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्यांचा, म्हणजे तारा, अहवाल, पंचनामे. त्यात बंडवाले कायम लांबून दिसतात, डोंगराच्या कडेला पळणारी माणसं म्हणून. दुसरा डोळा खुद्द फडक्यांचा. पळापळीतही त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवलं होतं, आत्मचरित्र आणि रोजनिशी. ते कागद सरकारच्या हाती लागले आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध वापरले गेले. पण आज त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला कळतं ते त्याच कागदांमुळे. समोरच्याचं चित्र घेणारे पुष्कळ असतात. स्वतःकडे तोंड करून नोंद ठेवणारे फार थोडे, आणि त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते.

फडक्यांच्या बंडाच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रकायदा केला होता. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये आपला कायदा केला, पण परवाना राहिला. आता यात भाचीचा संबंध कुठे येतो, तर एका छोट्या फटीत. ०.१७७ इंचापर्यंतच्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंत ताकद असलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेतली एअर रायफल त्या मर्यादेच्या खूप खाली असते. शाळकरी पोरं थेट १० मीटरच्या रेंजवर जाऊन उभी राहतात, ती या फटीतून. १९८४ पासून ऑलिंपिकमध्येही १० मीटर एअर रायफल आहे. आमच्या भागात तर हा खेळ दारातच आहे. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. चाळीस छर्रे, प्रत्येकाने मधल्या ठिपक्याला स्पर्श केलेला. तो ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर. वहीवर बॉलपेन टेकवून उचला, तेवढा.

तर भाची एके दिवशी अ‍ॅक्शन कॅमेरा घेऊन आली. मैत्रिणीचा, दोन दिवसांच्या बोलीवर.

"मामा, हा माझ्या टोपीला लावून दे. मला काय दिसतं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"आणि तुला?"

"मला तर दिसतंच ना!"

मागणी रास्त होती. या कॅमेऱ्याचा जन्मच अशा हट्टातून झाला आहे. २००२ मध्ये निक वुडमन हा अमेरिकन तरुण ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियात लाटांवर सर्फिंग करत फिरत होता. लाटेवर असताना आपला फोटो कसा निघणार, या विवंचनेत त्याने साधा कॅमेरा मनगटाला बांधून बघितला. मला यातली गंमत अशी वाटते, की त्याने आधी कॅमेरा बनवलाच नव्हता. त्याला विकायचा होता तो पट्टा. बाजारातले कॅमेरे त्या पट्ट्यावर टिकेनात, म्हणून कॅमेराही आपणच करायचा असं ठरलं. २००४ मध्ये पहिला गोप्रो विकायला आला, तो चक्क ३५ मिलिमीटरच्या रिळावर चालणारा होता. म्हणजे ज्याला आपण आज 'माउंट' म्हणतो, सोबत फुकट मिळणारा प्लॅस्टिकचा तुकडा समजतो, तोच मूळ शोध आहे. कॅमेरा नंतर आला.

पण समुद्राची लाट आणि १० मीटरवरचा कागद यांत फरक आहे. लाट फ्रेमभर असते. कागदाचं काय होतं ते मी भाचीला पाटीवर मांडून दाखवलं. तुम्हीही मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. एअर रायफलचं लक्ष्य ८० मिलिमीटरचं चौकोनी. १० मीटरवरून ते डोळ्याशी जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतं. असा कॅमेरा आडवा साधारण १२० अंश बघतो, आणि फोर-के चित्राची रुंदी ३,८४० ठिपक्यांची. एका अंशाला आले ३२ ठिपके. म्हणजे तो अख्खा कागद तुमच्या चित्रात पंधराएक ठिपके रुंद. त्यातलं काळं वर्तुळ, ३०.५ मिलिमीटरचं, पाच-सहा ठिपके. आणि मधला दहाचा ठिपका, ज्याच्यासाठी सगळा जीव टांगणीला लागतो, तो चित्रातल्या एका ठिपक्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे नाहीच. शिवाय रायफलला डोळ्याजवळ बारीक छिद्राची साइट असते आणि पुढे गोल माशी. नेमबाज त्या छिद्रातून माशीत काळं वर्तुळ बसवतो. टोपीवरचा कॅमेरा त्या छिद्राच्या आठ-दहा सेंटिमीटर वर बसलेला. त्याला छिद्रातून दिसणार कसं?

म्हणजे 'मला काय दिसतं ते सगळ्यांना दाखवायचं' ही एकच गोष्ट हा कॅमेरा करू शकत नाही. तो दाखवतो एक पांढरी भिंत, तीवर माश्या बसल्यासारखे काळे ठिपके, आणि खालून पुढे गेलेली नळी. लेन्स लांब पल्ल्याची लावली तर? मग ती श्वासाबरोबर अशी थरथरते की बघणाऱ्याला मळमळेल.

नेमाकडे बघणारा कॅमेरा वेगळाच असतो, आणि त्याचा इतिहास युद्धाचा आहे. पहिल्या महायुद्धात विमानातून मशिनगन चालवणाऱ्यांना शिकवायचं कसं, हा ब्रिटिशांपुढचा प्रश्न होता. खऱ्या गोळ्या आपल्याच विमानांवर झाडता येत नाहीत. तेव्हा थॉर्नटन-पिकार्ड कंपनीने लुईस गनच्या आकाराचा कॅमेरा केला. केंट परगण्यातल्या हाइथ गावी नेमबाजीची लष्करी शाळा होती, तिच्यावरून त्याला 'हाइथ' कॅमेरा म्हणतात. शिकाऊ सैनिक चाप ओढायचा, गोळीऐवजी फोटो निघायचा. फोटोवर वर्तुळांची जाळी उमटायची. खाली उतरल्यावर मास्तर फोटो बघून सांगायचे, तू शत्रूला मारलंस की ढगाला. हाइथचे वारस आजही आहेत. उडत्या चकत्यांवर नेम धरणाऱ्या ट्रॅप-स्कीटमध्ये शॉटगनच्या नळीखाली बसणारे कॅमेरे मिळतात. ते नळी त्या क्षणी चकतीच्या किती पुढे होती ते दाखवतात. रायफलमध्ये तेच काम नळीला चिकटणारा स्कॅटसारखा सेन्सर करतो. नेम कुठून आला, कुठे डुगडुगला, चाप ओढताना कुठे निसटला, याची रेघ संगणकावर काढून देतो. यांपैकी कशालाही अ‍ॅक्शन कॅमेरा म्हणत नाहीत. सेन्सर महाग असतो, आणि भाचीच्या रायफलीचे हप्तेच अजून चालू आहेत.

ट्रॅपवाल्यांचं बघून आपला दीडशे ग्रॅमचा कॅमेरा रायफलच्या नळीवर बसवायचा मोह होतो. करू नये. एअर रायफलला साडेपाच किलोची मर्यादा असते, आणि बहुतेकांची रायफल त्या मर्यादेला टेकत आलेली असते. त्याहून मोठी गोष्ट तोलाची. नेमबाज महिनोन्महिने छोटी छोटी वजनं पुढे-मागे सरकवून रायफलचा तोल बसवतो. तिच्या टोकावर दीडशे ग्रॅम लावणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या पेनाच्या निबेला लिंबू बांधणं. छातीचा पट्टाही बाद. रायफलचं जाकीट कडक असतं, त्यावर पट्टा आवळला तर जाकिटाची बसण बिघडते, आणि उभ्याने नेम धरताना डावा हात छातीला टेकून कॅमेऱ्यापुढे येतो. अख्ख्या व्हिडिओभर कोपर. डोक्याचा इलॅस्टिक पट्टा चालतो, पण त्याचं बक्कल दस्त्याला गाल टेकतो त्या बाजूला येता कामा नये. गाल एक मिलिमीटर सरकला की डोळा छिद्रामागून सरकतो. म्हणून टोपी बरी.

मग टोपीवर लावून बघायचं काय? इथे मला नाशिकचे भीष्मराज बाम आठवतात. पोलीस सेवेतून निवृत्त झालेला हा माणूस पुढे खेळाडूंचं मन घडवायच्या मागे लागला. अंजली भागवतसारखे नेमबाज त्यांच्याकडे जायचे. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या शिकवणीचा एक मोठा भाग एकाग्रता आणि मनातल्या मनात कृतीची उजळणी, हा होता. डोळे मिटून पूर्ण शॉट बघायचा. रायफल उचलली, श्वास घेतला, अर्धा सोडला, गाल टेकला, बोट चापावर आलं. नीट पाहिलं तर या उजळणीत लक्ष्य अगदी शेवटी येतं. आधी सगळं स्वतःचंच शरीर. कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या नेमबाजांनी स्वतःकडे बघायची सवय अशी लावून घेतली होती.

पॅरिसचं उदाहरण तर तुम्ही स्वतःच फॉरवर्ड केलं असेल. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, साधा टी-शर्ट, एक हात खिशात. ३० जुलैला मिश्र एअर पिस्तुलात त्याला रौप्य मिळालं. आपल्या मनू भाकर आणि सरबजोत सिंग यांना कांस्य मिळालं ते त्याच प्रकारात. दक्षिण कोरियाची किम ये-जी, तिची क्लिप त्याआधी मे महिन्यात बाकूच्या वर्ल्ड कपमधली. दोघांची चित्रं जगभर फिरली. या दोन्ही चित्रांत लक्ष्य दिसतं का? नाही. कॅमेरा बाजूला उभा आहे आणि नेम धरणाऱ्याकडे बघतो आहे. गोळी कुठे लागली हे कुणाला आठवतही नाही, पण तो खिशातला हात आठवतो.

मी भाचीच्या टोपीवर कॅमेरा लावला, पण समोर नाही. ज्या डोळ्याने ती नेम धरत नाही त्या बाजूला, डाव्या कपाळावर, आणि तोंड चांगलं चाळीस-पंचेचाळीस अंश खाली. टोपीच्या पुढच्या भागाला क्लिप, शिवाय एक बारीक दोरी मागे अडकवलेली, कारण रेंजवर कॅमेरा पडायचा आणि ती दचकून वळायची, ते नको. भरलेली रायफल हातात असताना वळणं हा या खेळातला सगळ्यांत मोठा गुन्हा. कॅमेरा चालू-बंद करायचा फोनवरून, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. फायरिंग लाइनच्या पुढे काहीही ठेवायचं नाही, कितीही छान अँगल मिळत असला तरी. शेजारच्या लेनमधल्या मुलांच्या पालकांना आधी विचारलं. ती सगळी अठराच्या आतली. आणि हे सगळं सरावापुरतं, प्रशिक्षकांना सांगून. स्पर्धेत फायरिंग लाइनवर साधा मोबाइलही चालत नाही.

पहिला व्हिडिओ बघून भाचीचा चेहरा उतरला. त्यात रील करण्यासारखं काहीच नव्हतं. दस्ता, हातमोजा, छऱ्यांची डबी, उजव्या हाताची बोटं. पुन्हा पुन्हा तेच. मोबाइलवर दोन मिनिटं सरकवून तिने तो मला परत दिला.

मीच रात्री बसून बघितला, धंद्याची सवय म्हणून. साठ शॉट, पाऊण तासाच्या वर. हळदीचा व्हिडिओ कापताना मी जे करतो तेच केलं, एकसारख्या जागा एकाखाली एक लावल्या. पहिल्या वीस शॉटमध्ये छर्रा भरून दस्ता खांद्याला जाईपर्यंत जवळजवळ सारखाच वेळ. चाळिसाव्यानंतर तो वेळ कमी व्हायला लागला. ती घाई करत होती. तिच्या गुणांची यादी तिच्याच वहीत होती, आणि नवाच्या आसपासचे बहुतेक शॉट तिथेच, शेवटच्या वीसमध्ये. ती म्हणायची, शेवटी हात थकतो. हात थकला असेलही, पण त्याआधी धीर संपत होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा सेकंदाला १२० चित्रांवर ठेवला. मारेच्या बंदुकीच्या दसपट. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर जातो, म्हणजे नळीतून सुटल्यावर कागदापर्यंत पोचायला त्याला सातएक चित्रांइतका वेळ लागतो. पहिल्या वीस शॉटमध्ये ती सात चित्रं आणि पुढची कितीतरी सगळी सारखी. बोट चापावर दाबलेलं, हलत नाही. शेवटच्या वीसमध्ये तिसऱ्या-चौथ्या चित्रातच बोट चापावरून उठलेलं. त्या छऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, तो केव्हाच नळीबाहेर गेला आहे. पण ज्याचं बोट इतक्या लवकर उठतं, त्याचं लक्ष चाप ओढायच्या आधीच पुढच्या शॉटकडे गेलेलं असतं, असं तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं.

भाचीने ती दोन चित्रं, पाचव्या शॉटचं बोट आणि त्रेपन्नाव्या शॉटचं बोट, शेजारीशेजारी लावून घेतली आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवली. बघणाऱ्याला त्यात दोन बोटांपलीकडे काही दिसत नाही. कॅमेरा तिने दोन दिवसांनी मैत्रिणीला परत केला. चाळिसाव्या शॉटनंतर आता ती रायफल स्टँडवर ठेवते आणि घोटभर पाणी पिते.